केळी घेऊन बघायला येणाऱ्यांनो

कालच डायलिसिस झालं, त्यामुळे माझा नवरा आज अंथरुणात मलूल पडून होता. सकाळी विसरवाडीहून त्याच्या मावशी तीन बायकांना घेऊन त्याला बघायला आल्या. सोबत डझनभर केळी आणि चार शहाळी!

पोटॅशियम वाढतं म्हणून डॉक्टरांनी त्याला दोन्ही बंद केलंय. तीन वर्षं मी हे सगळ्या नातेवाइकांना सांगून थकले. तरी मावशींनी केळ सोललंच. "एक खाय रे भाऊ, ताकद येई." मी हात धरला, तर मीच वाईट.

मी चहा टाकायला आत गेले आणि त्याच्या उशाशी गप्पा सुरू झाल्या. एक म्हणाली, "मन्हा जेठले बी हाऊच आजार व्हता. सहा महिनामाच गया." दुसरी माझ्याबद्दल म्हणाली, "इन्हं नशीबच खोटं शे बिचारीनं."

मी बाहेर आले तेव्हा त्याने भिंतीकडे तोंड फिरवलं होतं. डोकंच फिरलं माझं. "उठा, बाहेर ओट्यावर चला सगळ्या," मी ओरडलेच. त्या चहा न घेता निघून गेल्या. आता घरच्या ग्रुपवर मी उर्मट सून आहे. असू दे.

मग नवरा हळूच म्हणाला, "त्यास्ले फोन करीसन सांग, मी आजून जित्ता शे."

फोन नाही केला. इथेच सांगतेय. त्याला शेतातल्या कापसाचं विचारा, पोरीच्या शाळेचं विचारा, पण त्यालाच विचारा.

आजारी माणसाला भेटायला गेल्यावर तुम्ही त्याच्याशी बोलता का हो, की नुसतं त्याच्यासमोर बोलता?