कोतवाल बुकात लिहिलं होतं "ताप"

गेल्या मंगळवारी आमच्या एका विद्यार्थिनीचा फॉर्म अर्धाच भरून झाला. राहिलेला तसाच राहू दे, असं मीच तिला सांगितलं...

मी वाशिम जिल्ह्यातल्या एका कॉलेजात समाजशास्त्र शिकवते. बी.ए. फायनलला 'संशोधन पद्धती' हा पेपर असतो. व्याख्या पाठ करून तो डोक्यात शिरत नाही, म्हणून यंदा मुलांना प्रोजेक्ट दिला. ओळखीच्या घरातली कोतवाल बुकाची नक्कल मिळवायची आणि तिथल्या जुन्या माणसाकडून ती पडताळून घेऊन फॉर्म भरायचा.

कोतवाल बुक म्हणजे इंग्रजांच्या काळातली गावची जन्म-मृत्यूची नोंदवही. जातीच्या दाखल्यासाठी तिची नक्कल लागते, त्यामुळे आमच्याकडे घरोघरी ती प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेली असते. वाचत मात्र कुणी नाही.

प्रतीक्षा मंगरूळपीरकडची. तिच्या शेजारी विलासभाऊंचा भाजीपाल्याचा मळा आहे. त्यांच्याकडची नोंद चाळीसच्या दशकातली होती... चंद्रभागा, वय सोळा, मरणाचं कारण ताप.

या चंद्रभागेची धाकटी बहीण अजून आहे. गिरजाआजी, वय नव्वदीच्या पुढे. नवरा लवकर गेला, तेव्हापासून त्या माहेरीच. विलासभाऊ त्यांच्या भावाचे नातू.

मुलाखत कशी घेते ते बघायला मी प्रतीक्षासोबत गेले होते. आजी ओसरीवर बाजारासाठी सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या बांधत होत्या. नाव, वय, नातं... फॉर्म पटापट भरत गेला. मग तिनं प्रश्न वाचला, "नोंदीतलं मरणाचं कारण बरोबर आहे का? हो की नाही?"

"काय लिवलं हाय?" आजींनी विचारलं.

"ताप."

आजींचे हात थांबले.

"ताप नव्हता तिले," त्या म्हणाल्या. "इहिरीत सापडली ते."

प्रतीक्षानं माझ्याकडे पाहिलं.

आजी हळूहळू सांगत गेल्या. बहिणीला सासरी मारायचे. दोनदा ती पायी चालत माहेरी आली, दोनदा बापानं तिला परत नेऊन सोडलं. तिसऱ्यांदा आली तेव्हा बाप म्हणाला, सकाळी बैलबंडी जुंपतो. सकाळी ती अंथरुणात नव्हती.

"बापाले पोलिसाचा भेव. मले म्हणे, कोनी इचारलं त तापानं गेली म्हणजो. मंग कोतवाल आला. बाप त बोलूनच नाही राह्यला. कोतवालानं मलेच इचारलं, काय झालं वं तुया बहिनीले? म्या म्हटलं, ताप. त्यानं तेच सांगतलं असन वर."

म्हणजे त्या कागदावरचा शब्द एका नऊ-दहा वर्षांच्या मुलीनं सांगितलेला होता. आणि ती मुलगी आमच्यासमोर बसली होती...

एवढ्यात विलासभाऊ आतून आले. "आजी, कायले काढून राह्यली जुनं? म्याडम, हे लिवू नोका. पोराचा दाखला अडकन माया."

त्यांची भीती खरी होती. त्या एका कागदावर त्यांच्या मुलाची अॅडमिशन अवलंबून होती. सरकारी नोंदीला आम्ही हात लावणार नाही, गाव आणि आडनाव कुठंच येणार नाही, असं मी त्यांना पुन्हा पुन्हा सांगितलं. नाव पण बदलू, असंही म्हटलं. वर्गात मी तसंच शिकवते.

तेव्हा आजी माझ्यावर चिडल्या.

"नाव काहून बदलता? लिवाचं त तिचंच नाव लिवा. एवढ्या वर्षांत तिचं नाव घेतलं नाही कोनी ह्या घरात. म्या बी नाही घेतलं."

विलासभाऊ खाली मान घालून उभे राहिले. मग म्हणाले, "लिवा."

प्रतीक्षानं पेन ठेवून आजींचा हात धरला. आजी रडल्या नाहीत. "म्या खरं सांगतलं असतं तरी ते काही वापस आली नसती," एवढंच म्हणाल्या. त्या आम्हाला विचारत होत्या की स्वतःला सांगत होत्या, मला कळलं नाही. सर्वेक्षणाला जाताना काय विचारायचं हे मी इतकी वर्षं शिकवत आले. समोरच्यानं खरं सांगितल्यावर काय करायचं, हे मलाच ठाऊक नव्हतं.

काल अहवाल जमा झाले. प्रतीक्षानं हो आणि नाही, दोन्ही चौकटी मोकळ्या सोडल्यात. खाली हातानं लिहिलंय, "चंद्रभागा. कागदावर ताप. बहिणीच्या सांगण्यावरून, सासरचा मार आणि माहेरचा बंद दरवाजा."

आजींच्या आणि विलासभाऊंच्या परवानगीनं हे इथं लिहिते आहे. त्यांनी आम्हाला ओसरीवर बसू दिलं, त्याचे आभार कसे मानायचे कळत नाही.

बाकी सगळ्या अहवालांना मार्क देऊन झाले. त्या एका पानावर काही लिहायला अजून माझा हात धजलेला नाही...