मधली भिंत

नागपूरजवळच्या त्या जुन्या दगडी घरात आमची दोन बिऱ्हाडं, आणि मधली भिंत एकच. बाहेरून काळा दगड, पोटात नुसती माती. तिला तडा गेल्यापासून शेजारचे भाऊजी त्यावर खळीने कागदाची पट्टी चिकटवत. पट्टी फाटली, तर भिंत सरकली. रोज निरखून बघत, "काही नाही जी वहिनी," म्हणत. पण भिंतीजवळ कधी खोकतसुद्धा नसत.

एका दुपारी पट्टी बघून ते तडक देवघराकडे वळले. घरातले देव टोपलीत घालून त्यांनी बाहेर कडुनिंबाखाली नेऊन ठेवले. मग आमच्या दाराशी आले.

"वहिनी, पोरीले अंगणात निजवा," ते अगदी हळू बोलले. "ऊन चांगलं पडलं आहे."

बाहेर वैशाख पेटला होता. मी पाळण्याकडे धावले.