तिकिटावरचं आडनाव

थोरल्या काकूची धाकटी बहीण पुण्यात दवाखान्यात शेवटच्या घटका मोजत होती आणि काकूला तिला एकदा भेटायचं होतं. एवढीच गोष्ट. पण घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर दोन दिवस त्यावर जी चर्चा झाली ती वाचून मला शिसारी आली. काकूचे दोन्ही मुलगे परदेशात. तिथून त्यांचं उंटावरून शेळ्या हाकणं चाललं होतं. ‘आईला विमान जमणार नाही.’ ‘त्यापेक्षा व्हिडिओ कॉल लावून द्या.’ मरणाऱ्या बहिणीचा हात व्हिडिओत धरता येतो, हे त्या शहाण्यांना कुठल्या कॉलेजात शिकवलं कोण जाणे.

शेवटी मीच लॅपटॉप घेऊन म्हैसूरच्या अग्रहार पेठेत काकूकडे गेलो. पंचाहत्तरीची बाई, आजवर बस आणि रेल्वे सोडून कशात बसली नव्हती. “आत चढताना चपला काढायच्या काय रे?” तिनं विचारलं. नको म्हटल्यावर तिला जरा वाईटच वाटलं.

विमानाच्या तिकिटाच्या फॉर्मनं आडनाव मागितलं. आता आमच्यात आडनाव वापरतं कोण? म्हैसूरच्या फौजेत आलेल्या पूर्वजांनी ते बरोबर आणलं खरं, पण आता ते सोयरीक जुळवतानाच बाहेर निघतं. बाकी शाळेत, रेशनकार्डावर, सगळीकडे नाव आणि एक अक्षर. काकूच्या आधारवरही तेच, तिचं नाव आणि काकांच्या नावाचं अक्षर. पण तो रकाना भरल्याशिवाय फॉर्म पुढे सरकेना.

“आपलं आडनाव घाल की,” काकू म्हणाली. “सुम्ने, उगाच रिकामं कशाला सोडतोस?”

मीही मिशीला पीळ देत घातलं. किती दिवसांनी ते अक्षरात पाहिलं, म्हणून बरंही वाटलं. आज आठवलं की स्वतःचीच किळस येते.

बंगळूरच्या विमानतळावर दारातल्या जवानानं काकूचं तिकीट पाहिलं, आधार पाहिलं आणि आम्हाला बाजूला काढलं. काउंटरवरच्या मुलीनं सांगितलं, हे नाव जुळत नाही, नवं तिकीट काढा, आता संध्याकाळचंच मिळेल. आडनाव नसेल तर पहिलं नावच दोनदा लिहायचं, तसं फॉर्मवर दिलेलं असतं. होतंच. रकान्याखाली, बारीक अक्षरांत. मी वाचलं नव्हतं. ती बोलत होती अगदी गोड, आणि त्या गोडव्याचाही मला राग आला.

काकू खुर्चीवर पिशवी मांडीवर घेऊन बसली. अकराला पुण्याहून तिच्या भाचीचा फोन आला, “आई विचारतेय, अक्का कुठवर आली?” काकू म्हणाली, “आले म्हण.” पुन्हा साडेबाराला तेच. दोनला भाची म्हणाली, आई आता बोलत नाही.

मी काहीतरी माफीचं पुटपुटलो. “परवागिल्ल,” काकू म्हणाली, “आडनाव मीच सांगितलं ना तुला.” असू दे, असं तिला म्हणायचं होतं. माझ्याकडे मात्र तिनं पाहिलं नाही. संध्याकाळी आपलं नाव दोनदा लिहिलेलं तिकीट घेऊन ती एकटीच आत गेली. मला दुसऱ्या दिवशी ऑफिस होतं.

बहिणीनं तिला ओळखलं नाही. पहाटे बहीण गेली.

दुपारी ग्रुपवर मुलांनी विचारलं, सकाळचं विमान चुकलं कसं? पुण्याहून काकूनं बोलून मेसेज पाठवला. आवाज बसलेला होता. “मीच उशीर केला रे. तिथं बाथरूम सापडंना. पोरानं बिचाऱ्यानं सगळं नीट केलं होतं.”

लगेच थोरल्यानं लिहिलं, ‘सांगितलं नव्हतं का, आईला जमणार नाही.’ धाकट्यानं त्याला अंगठा दिला. मग त्याखाली मीही जोडलेले हात टाकले.