मॅनेजरांनी वळवलेला पाऊस

आमच्या मालिकेच्या प्रॉडक्शन मॅनेजरांइतका उधळ्या माणूस अख्ख्या चाकण पट्ट्यात झाला नाही, आणि त्यांच्याइतका चिकटही झाला नाही. मधे फक्त दोन दिवसांचं एक शिबिर झालं. मी त्या मालिकेचे संवाद लिहायचो. चाकणला एका बंद कारखान्याच्या शेडमध्ये आमचा सेट होता: थर्माकोलचं देवघर, प्लायवुडचा जिना आणि त्या जिन्याला वरचा मजलाच नाही. मॅनेजर मारुंजी गावाकडच्या जुन्या घराण्यातले. त्यांच्या राज्यात जेवण कायम दुप्पट माणसांचं यायचं, घोटभर पाण्यासाठी नवी बाटली फुटायची आणि शेडमागचा जनरेटर शूटिंग असो वा नसो, धडधडत राहायचा. “बंद केला की रुसतोय त्यो,” असं त्यांचं म्हणणं. मेकअपचे टिश्यू तर इतके उडायचे की शेजारच्या कंपनीच्या वॉचमनला इथे रोजच लग्न असतं असं वाटायचं.

मग चॅनेलने पर्यावरणाचं प्रशिक्षण काढलं आणि प्रत्येक युनिटमधून एक माणूस मागितला. कुणी जाईना. जेवण मोठ्या हॉटेलात आहे हे कळल्यावर मॅनेजर तयार झाले. गेले ते एक, आणि परत आले ते भलतेच. “गारठलो राव त्या एसीत,” ते मला सांगत होते. “आन पानी वाचवायचं पुस्तक प्लास्टिकच्या पिशवीत दिलं. पन ती शिकवनारी बाई खोटं बोलत न्हवती, लेखक. इतकी वर्षं आमी नुसता धूर केलाय.”

दुसऱ्या दिवसापासून बाटल्या गेल्या आणि प्रत्येकाच्या नावाचा स्टीलचा पेला आला. आमच्या खलनायिकेने तो एकदा चुकून सीनमध्येच नेला, आणि कोट्यधीश सासूबाई स्वतःचं नाव रंगवलेल्या पेल्यातून विष पाजताना महाराष्ट्राने पाहिल्या. विजेचं कनेक्शन घेऊन जनरेटर बंद केला तेव्हा सेटवर पहिल्यांदाच शांतता झाली, आणि माझे संवाद किती लांबलचक आहेत ते सगळ्यांना ऐकू आलं. तेवढ्यावर न थांबता मॅनेजर कागद घेऊन माझ्याकडे आले. “हितं सून ताट भिरकावते. ताटात भात कशाला? रिकामं भिरकावू दे की.”

“अहो, राग कसा दिसणार?”

“आवाज जास्त यील.”

खरंच जास्त आला.

पण खरी ठिणगी पडली ती पावसाच्या सीनवरून. नायिका भर पावसात घर सोडते, असं मीच लिहिलं होतं. त्यासाठी पाण्याचा टँकर दारात येऊन उभा राहिला. मॅनेजरांनी ड्रायव्हरला विचारलं, तर तो जवळच्याच वस्तीवर निघालेला. आमच्या माणसांनी जादा भाव देऊन वाटेतूनच वळवला होता. वस्तीवरच्या बाया हंडे मांडून वाट बघत होत्या. मॅनेजरांचा चेहरा उतरला. ते तडक दिग्दर्शकापुढे जाऊन उभे राहिले.

“पाऊस न्हाई मिळायचा.”

“अहो, पावसाशिवाय प्रेक्षकांना तिचं दुःख कळणार कसं?”

“तिला रडाय येतंय की! मग भिजवायचं कशाला?”

दिग्दर्शक तापले. “टँकर हलला तर उद्यापासून येऊ नका.”

“न्हाई येत,” मॅनेजर म्हणाले, आणि ड्रायव्हरशेजारी चढून टँकर घेऊन गेलेही.

नायिकेने सगळं ऐकलं होतं. कोरड्या अंगणात ती अशी काही रडली की लाइटवाल्याने तोंडातली तंबाखू चघळायची थांबवली. दिग्दर्शकांनी तो टेक तसाच ठेवला. संध्याकाळी त्यांनीच मॅनेजरांना फोन करून बोलावून घेतलं. चॅनेलने मात्र नंतर त्या सीनवर कॉम्प्युटरने पाऊस पाडला. मॅनेजर तो बघून खूश. “ह्यो पाऊस बरा. कुनाला सर्दी न्हाई.”

पुढे चॅनेलच्या साहेबांनी त्यांचा सत्कार केला. सगळे साहेब आपापल्या वेगळ्या गाडीतून एकेकटे आले, मॅनेजरांच्या फोटोचं भलंमोठं फ्लेक्स लागलं आणि माइकसाठी भाड्याने जनरेटर आणला. मॅनेजर स्टेजवर हार घालून बसले होते, पण कान सगळा त्या धडधडीकडे. भाषण करायला उठले ते सरळ मागे गेले आणि जनरेटर बंद करून आले. माइक मुका झाला. मग जे बोलले ते पहिल्या रांगेलाच ऐकू गेलं, आणि पहिल्या रांगेला ते आवडलं नाही.

मालिका संपली. मी पुढे लिहायला घेतलेल्या नव्या मालिकेच्या मॅनेजरने तेच प्रशिक्षण मोबाइलवर उरकलं; बटणं दाबली, प्रमाणपत्र आलं. आमच्या माणसाचं नाव मी दोनदा सुचवलं. “चांगले आहेत हो,” साहेब म्हणाले, “पण जरा जास्तच मनावर घेतात.”

परवा आकुर्डीत भाजी घेताना ते भेटले. केस पुरते पिकलेले. नव्या सेटवर काय चाललंय ते बारकाईने विचारत राहिले, आणि मी बरंच काही गाळून सांगत राहिलो. निघताना माझा हात धरला.

“बोलवतील ना हो मला? नंबर त्योच हाय म्हनावं.”

“सांगतो,” मी म्हणालो.