पक्केकाकांचं लाल पेन

पक्केकाकांचं लाल पेन दिसलं की माझं डोकं फिरायचं. प्रोग्रामच्या प्रत्येक स्क्रीनचा कागदावर प्रिंट काढून तपासणारा माणूस अख्ख्या बडोद्यात हा एकच असेल, आणि तो नेमका आमच्या सयाजीगंजच्या ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावर बसायचा. तपासून लिहायचं काय, तर जिथे जिथे मी ‘जीबी’ लिहिलेलं असेल तिथे गोल काढून दोन शब्द: ‘कच्चा? पक्का?’

त्याचं असं होतं. डिस्क विकणारे हजाराच्या पटीत मोजतात, आमचा प्रोग्राम मोजायचा हजार चोवीसच्या. बाइटपासून जीबीपर्यंत तीनदा गुणलं की हा फरक सात टक्क्यांवर जातो. नाव मात्र दोघांचंही जीबी. काकांचे आजोबा संस्थानच्या कोठारात कारकून होते. तिथे कच्चा शेर वेगळा, पक्का शेर वेगळा, आणि नुसतं ‘शेर’ लिहिणाऱ्याची धडगत नसे. म्हणून नातवाने हजारवाल्याला कच्चा जीबी केलं, चोवीसवाल्याला पक्का, आणि स्वतः झाला पक्केकाका. पक्क्याला खरं तर वेगळं नाव आहे, गिबिबाइट. स्क्रीनवर तेच लिहायचं, हा त्यांचा हट्ट. गिबिबाइट! तान्ह्या बाळाशी बोलल्यासारखं. कुठल्या गिऱ्हाइकाला कळणार होतं ते?

आमचे साहेब हिरेनभाई अक्षरशः हात जोडायचे, की सोडून द्या ना, सगळे जीबीच लिहितात. “काका, जवा दो ने. बधा जीबी ज लखे छे.”

काका चष्मा कपाळावर ढकलून म्हणायचे, “बधा लखे छे, म्हणूनच बधा फसे छे.”

झालं! माझं काम पुन्हा आठवडाभर लटकलं. मग मी कोपऱ्यावर सेव-उसळ खाता खाता त्यांच्या नावाने यथेच्छ बोटं मोडायची.

अशात काकांनीच एक काम आणलं. एका जुन्या मराठी मंडळाच्या गाण्याच्या बैठका, कित्येक वर्षांच्या. फितींना बुरशी लागली होती. मंडळाने त्या कशाबशा एकदा वाजवून आपल्या संगणकात भरल्या आणि टाकून दिल्या. आता तो संगणकही धापा टाकत होता, म्हणून सगळं नव्या डिस्कवर उतरवायचं होतं. त्या बैठकांत काकांची पत्नी गायची. हेमलताकाकू. त्या जाऊन चार वर्षं झाली होती. “घरात तिच्या आवाजाचा एक तुकडा नाही गं,” काका म्हणाले होते. “घरी गाणाऱ्या बाईचं रेकॉर्डिंग कोण करतं?”

तेवढ्यात काकांच्या डोळ्याचं ऑपरेशन निघालं. आठ दिवस ते गोत्रीला घरी. मी हुश्श केलं! त्यांचे सगळे लाल गोल धाब्यावर बसवून सगळीकडे सुटसुटीत ‘जीबी’ लिहिलं आणि कामाला लागले. प्रोग्रामने रेकॉर्डिंग्ज मोजली, नऊशे साठ जीबी. डिस्कच्या खोक्यावर छापलं होतं हजार जीबी, तो आकडा मी हाताने भरला. बसतंय की! जागा पुरणारच, म्हणून शेवटची तपासणीही मी काढून टाकली. गायकांच्या नावाप्रमाणे, अ पासून, फायली उतरत गेल्या. स्क्रीनवर आलं, ‘काम पूर्ण’. मंडळाचा संगणक मी पुसून परत पाठवला.

ते नऊशे साठ पक्के होते. खोक्यावरचे हजार कच्चे होते, म्हणजे पक्के नऊशे एकतीस. एकोणतीस बाहेर राहिले, आणि आता ते कुठेच नव्हते.

काका काळा चष्मा लावून कामावर आले त्या सकाळी मी कबुलीचा कागद त्यांच्यापुढे ठेवला: ‘माझ्या चुकीमुळे सुमारे तीन टक्के रेकॉर्डिंग्ज गेली.’ आज तरी हा माणूस ओरडेल, असं वाटलं. ओरडावं, अशी माझी फार इच्छा होती. त्यांनी पेन काढलं आणि ‘सुमारे’वर गोल काढला.

“कोणती गेली? नावं लिही.”

काय म्हणावं या माणसाला! मला त्यांचा संताप आला, स्वतःचा त्याहून जास्त. प्रोग्रामने मोजताना केलेली यादी उघडून मी लिहायला बसले. अ पासून सुरुवात, म्हणजे गेले ते शेवटचे. हरिभाऊ, चार बैठका. हेमंत, सहा. आणि हेमलता, बावीस. तो आकडा लिहिताना मी रडत होते.

काकांनी कागद डोळ्यांजवळ धरून एकेक ओळ वाचली. मग खाली सही केली.

“आता बरोबर आहे,” ते म्हणाले. पेन माझ्या टेबलावर ठेवलं आणि घरी गेले. पुन्हा काही आले नाहीत.

ते पेन मीच वापरते. परवा हिरेनभाई माझ्यापुढे हात जोडून म्हणाले, “बेन, जवा दो ने. बधा जीबी ज लखे छे.” इतक्या लवकर विसरतात माणसं! वाटलं, यांना बसवून काकूंचं एक गाणं ऐकवावं.

कुठून ऐकवणार?