डाव्या हाताचा ट्रे

आमच्या दवाखान्यात खंडेनवमीला हत्यारं पूजेला जात नसत, पूजाच हत्यारांकडे येत असे; ती ट्रेमधून हलत नसत. बदलून आलेल्या नव्या माणसाला याचं हसू यायचं. हसणाऱ्यांना मी कधी काही समजावलं नाही. समजवायचं तर माझी चूक सांगावी लागली असती, आणि चूक सांगण्यात मी कधीच पटाईत नव्हते. आता वय झालंय, आता सांगायला हरकत नाही.

मी मूळची चिखलीची. अकोल्याला नर्सिंग शिकले आणि पहिली नेमणूक मिळाली ती मोताळा तालुक्यातल्या एका गावी, रोहिणखेडपासून बैलगाडीने तासाभरावर. महाराष्ट्र राज्य तेव्हा नवंनवं होतं. आमच्या दवाखान्यातल्या लोखंडी कपाटावर अजून जुन्या प्रांताचा शिक्का होता. तीन खोल्या आणि पुढे पडवी. माणसंही तीनच. एक तरुण डॉक्टर, एक मी आणि एक मावशी. झाडणं, पाणी भरणं, हत्यारं उकळणं, बाळंतिणीच्या पाठीला हात लावून बसणं, हे सगळं मावशीचं. ती रोजंदारीवर होती. कायम होईल, कायम होईल असं तिला चार डॉक्टर सांगून गेले होते.

माझ्या नाकावर राग असायचा. मावशीला हे पहिल्या दिवशीच कळलं आणि तिने ते मनाला लावून घेतलं नाही. पण आमचं एका गोष्टीवरून रोज वाजायचं. बाळंतपणाच्या टेबलाच्या डाव्या अंगाला मी एक तिवई ठेवली होती आणि तिवईवर एक ट्रे. ट्रेमध्ये सगळ्यात अलीकडे बाळाच्या घशातला चिकटा तोंडाने ओढून काढायची रबरी नळी, मग दोन चिमटे, मग कात्री, नाळ बांधायचा दोरा, आणि शेवटी सिरिंज आणि रक्त थांबवायच्या इंजेक्शनच्या दोन बाटल्या. वर उकळलेलं फडकं. माझा नियम असा की मान न वळवता डावा हात लांबवला तर जे हवं ते हाताला लागलं पाहिजे. ऐनवेळी डोळे बाईवर आणि बाळावर असतात, ते कपाट धुंडाळायला मोकळे नसतात.

मावशीला हे पटायचंच नाही. तिच्या हिशेबाने चांगल्या घरातली वस्तू कपाटात असते. काम झालं की ती सगळं धुऊन, उकळून, पुसून कपाटात ठेवी आणि वर कडी लावी.

"उघड्यावर कायले ठेवता बाई? कोनी पाह्यलं तं म्हनन, ह्या बाया किती आळशी हायत."

"म्हणू दे. कपाट उघडेपर्यंत बाळ थांबतं का?"

"थांबत नाही, हाव. पन मांडून ठेवलेलं बरं दिसते का?"

मी पुन्हा सगळं काढून ट्रेमध्ये लावी. असं तीन महिने चाललं. शेवटी एक दिवस मी तिला टेबलाजवळ उभं केलं, डोळे मिटायला लावले आणि म्हटलं, "कात्री द्या." तिचा हात सरळ कात्रीवर गेला. "नळी." नळी हातात. तिला अक्षर वाचता येत नव्हतं, पण प्रत्येक वस्तूची जागा तिला माझ्याइतकीच पाठ होती. डोळे उघडून ती लहान मुलीसारखी हसली. त्या दिवसापासून ट्रे तिचा झाला. मी एखादा चिमटा बोटभर सरकवला तरी मला बोलणी बसायची. मला ती फार आवडायची, आणि हे मी तिला कधी सांगितलं नाही.

मग खंडेनवमी आली. त्या दिवशी आमच्याकडे ज्याचं पोट ज्याच्यावर चालतं ते तो धुऊन पुसून पुजतो. शेतकऱ्याने वखर, त्याची लोखंडी पास, विळे मांडलेले, शिंप्याचं मशीन झेंडूत बुडालेलं, लोहाराचा भाता थंड. मोताळ्याहून सकाळी रोहिणखेडला आलेल्या एसटीच्या नाकावरही हार होता म्हणे. आणि एकदा हळदकुंकू लागलं की त्या हत्याराला दसऱ्यापर्यंत हात लावायचा नाही. वर्षभर राबलं, एक दिवस त्यालाही विसावा.

मी पडवीत टेबलाशी महिन्याचा अहवाल लिहीत होते. किती बाळंतपणं, किती टोचण्या, किती गोळ्या. मला आकड्यांचा कंटाळा आणि अहवाल दुसऱ्या दिवशी जायचा. मावशी न्हाऊन, हिरवं लुगडं नेसून आली.

"बाई, पूजेले आपली हत्यारं नेऊ का?"

मी मान वर न करता म्हटलं, "हं, न्या."

माझ्या मनात होतं की ही कपाटातल्या जुन्या, गंजक्या कात्र्या नेते आहे. खरं सांगायचं तर मनात तेवढंही नव्हतं. मनात फक्त बेरीज होती.

मावशीने विचार केला तो तिच्यापरीने बरोबरच होता. गंजकी हत्यारं देवापुढे कोण मांडतं? ज्यांनी वर्षभरात एवढी लेकरं जगात आणली तीच मांडायची. तिने माझा ट्रे रिकामा केला. औषधाच्या खोलीत पाटावर लाल कापड घातलं, त्यावर चिमटे, कात्री, सिरिंज, आणि मधोमध ती रबरी नळी. सगळ्यांना हळदकुंकवाची बोटं आणि झेंडूचं एकेक फूल. तिवईवर तिने रिकामा ट्रे ठेवला आणि वरचं फडकं नीट पसरलं, कारण उघडं बरं दिसत नाही.

दुपारी बाराच्या सुमाराला बैलगाडी आली. आत एक पोर होती, विशीतली, दुसऱ्या खेपेची. पहिलं मूल घरीच झालं होतं आणि रडलंच नव्हतं. म्हणून या वेळी सासूने हट्टाने गाडी जुंपायला लावली होती. सासू गाडीतून उतरतानाच म्हणाली, "बाई, माहं काई म्हननं नाही, फक्त रडलं पायजे. पोरगा असो का पोरगी, रडलं पायजे." डॉक्टर शेजारच्या गावी सायकलने गेलेले. मी हात धुतले आणि तिला टेबलावर घेतली.

फार वेळ लागला नाही. मुलगा झाला. निळसर, लुळा, आणि गप्प.

मी त्याला उताणा घेतला, मान न वळवता डावा हात लांबवला आणि फडक्याखाली बोटं घातली. ट्रेच्या पत्र्याला बोटं लागली. अजून पुढे घातली. पत्राच. त्या गार पत्र्याचा स्पर्श मला अजून आठवतो.

"मावशी! नळी!"

मावशी बाईच्या उशाशी होती. तिने ट्रेकडे पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला. ती धावली. मी बोटाला फडकं गुंडाळून बाळाच्या तोंडातला चिकटा काढला, त्याला उलटा धरला, मग माझं तोंड त्याच्या नाकातोंडावर ठेवून ओढलं, थुंकलं, पुन्हा ओढलं. वरवरचं निघालं. आतलं घशात घट्ट बसलेलं होतं, त्याला माझं तोंड पुरेना. दारातून सासू विचारत होती, "काऊन रडत नाही, बाई? काऊन रडत नाही?" मला तिला गप्प करायलाही सवड नव्हती.

मावशी परत आली ती नळी उकळलेल्या पाण्याने धूतच. तिने पूजा मोडली होती. आयुष्यात पहिल्यांदा मोडली असेल. नळीच्या टोकाला हळद तशीच होती. मी ती घशात सरकवली, ओढलं, एकदा, दोनदा, मग दोन फुंकरा मारल्या. पोरगं आखडलं, तोंड वेडंवाकडं केलं आणि असं रडलं की पडवीतली माणसं हसायला लागली. सासू भिंतीला धरून खाली बसली. मावशीने चिमटे उकळायला टाकले, आणि ते होईपर्यंत मी बाळाला नाळेसकट आईच्या पोटावर धरून ठेवलं.

सगळं आवरल्यावर मी मावशीला पडवीत गाठलं. माझ्या तोंडाचा पट्टा सुटला. अक्कल गहाण ठेवली होती का, म्हटलं. पोर गेलं असतं तर कुठल्या देवाने परत दिलं असतं, म्हटलं. तिला मी नेहमी "तुम्ही" म्हणत असे. त्या दिवशी मी तिला "तू" म्हटलं, तेही लोकांसमोर. मावशी नखातली हळद काढत उभी राहिली. माझं बोलणं अर्ध्यात होतं तेव्हाच मला आठवलं की सकाळी "न्या" मीच म्हटलं होतं. आठवलं, आणि मी अजून मोठ्याने बोलू लागले. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात ना, त्या याच. सासू मध्ये पडून म्हणाली, "नोका रागावू बाई, त्या हयदीनंच तं गुन देल्ला." त्याने माझा राग आणखीच चढला.

डॉक्टर चारला आले. बाळाला तपासलं, माझी पाठ थोपटली. तोवर गावात बोभाटा झालाच होता. त्यांनी विचारलं, "ट्रे रिकामा कोणी केला?"

"म्या नेलं होतं साहेब," मावशी म्हणाली. "माहीच चूक."

"कोणाला विचारून?"

मावशीने माझ्याकडे पाहिलं नाही. "कोनालेच नाही."

मी तिथेच होते, दोन हातांवर. तोंड उघडलं असतं तर एवढंसं वाक्य होतं. मी बाळाची नोंद लिहीत राहिले. डॉक्टर म्हणाले, "दसरा झाला की तुमच्या जागी दुसरी बाई बघतो." मावशी "बरं" म्हणाली आणि पाणी भरायला गेली.

रात्रभर मला त्या "बरं"ने झोपू दिलं नाही.

दसऱ्याला मी उठून आले तर मावशीने खोल्या झाडून घेतल्या होत्या. ट्रे लावलेला होता, एकेक वस्तू आपापल्या जागी. तिने पदरातून आपट्याची पानं काढली. "घ्या बाई, सोनं. सोन्यासारख्या ऱ्हा."

मी पानं घेतली आणि तिच्या पाया पडायला वाकले. ती दोन पावलं मागे सरली. "हे काय वं बाई?"

"मावशी, मीच न्या म्हटलं होतं."

"मले ठाऊक नाही का? मलेच तं म्हटलं."

"मग सांगितलं का नाही?"

ती माझ्याकडे असं बघत राहिली की हे विचारायचं काय त्यात. "तुमाले काढलं असतं साहेबानं तं उद्याच्या लेकराच्या तोंडात कोनं फुंकलं असतं? झाडायले काय, कोनी बी भेटते."

मी तिचा हात धरला आणि ओढतच डॉक्टरांच्या खोलीकडे निघाले. "ऱ्हाऊ द्या ना बाई, सनासुदीचं," ती म्हणत होती. डॉक्टर दाढी करत होते. अर्ध्या गालाला साबण. मी उंबऱ्यातूनच सगळं सांगून टाकलं. सकाळचं विचारणं, माझं "न्या", कालचं गप्प बसणं. त्यांनी वस्तरा खाली ठेवला.

"दुसरी बाई बघायची गरज नाही," ते म्हणाले. "पण सिस्टर, काल मी विचारलं तेव्हा तुम्ही का नाही बोललात?"

माझ्या पाठीमागून मावशीच घाईने बोलली, "काल त्या लय थकल्या होत्या साहेब. त्या लेकरामागं त्याईले बोलायचं भानच कुठं होतं."

"मावशी, तुम्ही गप्प बसा," मी म्हटलं, आणि तिथेच उंबऱ्यात मला रडू कोसळलं.