खालची आळी नसलेलं गाव

मला पाहायला आले तेव्हा मामंजींनी माझ्याकडे धड पाहिलंच नाही. पोह्यांची बशी तशीच ठेवून ते थेट आमच्या मागच्या दारी गेले, मोरीचं पाणी कुठं जातं ते वाकून बघितलं, परसातल्या केळीपाशी जरा रेंगाळले आणि आत येऊन माझ्या आईला म्हणाले, "पसंत आहे." नेमकं काय पसंत आहे, हे आईनं पुढे कितीदा तरी मला विचारलं. 

माझे हे सासरे पाटबंधारे खात्यातले ओव्हरसियर. पेन्शन घेऊन ते कोल्हारच्या खालच्या अंगाला, प्रवरेकाठच्या आपल्या गावी राहायला आले होते. गाव त्यांना तोंडावर रावसाहेब म्हणे आणि माघारी मोरीसाहेब. कुणाकडेही गेले की आधी मागच्या दारी. एकदा पाटलाकडे सत्यनारायणाला गेले, तर प्रसाद घ्यायच्या आधी उकिरडा बघून आले! "पुढचं दार माणूस पाहुण्यांसाठी सारवतो," म्हणायचे, "आपलं सांडपाणी तो कुणाच्या दारात सोडतो, ते बघावं." घरात मी भांड्यांचं पाणी अळवाला घातलं नाही, तर त्यांना जेवण गोड लागत नसे. मी अगदी मेटाकुटीला यायची.

आमच्या गावाचं सगळं पाणी शेवटी खालच्या आळीत जायचं, म्हणजे नदीलगतच्या महारवाड्यात. तिथं भिवा राहायचा. कालव्याच्या मोजणीत त्यानं मामंजींबरोबर वर्षानुवर्षं साखळी धरली होती. मामंजी त्याच्या दारी जाऊन तासन्‌तास बसत. परत आले की सासूबाईंच्या हुकमावरून मी मागच्या दारी तांब्या घेऊन उभी राहायची आणि ते निमूटपणे पाय धुऊन घरात येत. गावाशी भांडणारा हा माणूस त्या एका तांब्यापुढे मात्र कधी बोलला नाही.

लढाईच्या दिवसांत एका श्रावणात प्रवरा चढली आणि खालची आळी अख्खी गेली. वरचीही पुष्कळ घरं बसली. सरकारनं नव्या गावठाणाला माळाची जागा दिली आणि आखणी मामंजींच्या गळ्यात घातली. इतकं खूश मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. सकाळपासून चुन्याची फक्की घेऊन माळावर. संध्याकाळी घरी येत ते गुडघ्यापर्यंत पांढरे होऊन.

त्यांनी एकच ध्यास घेतला होता: नव्या गावाला खालची आळी ठेवायची नाही. माळाचा माथा त्यांनी असा धरला, की ज्याचं पाणी त्याच्याच परसात उतरावं आणि पुढं शेताला जावं. मधोमध सगळ्यांची एक विहीर. जागा चिठ्ठ्या टाकून दिल्या. भिवाची जागा आली नेमकी पाटलाच्या शेजारी. सगळे पाटलाच्या तोंडाकडे बघू लागले. पाटील म्हणाला, "पुरात समदे एकाच वट्यावर बसलो हुतो. आता काय बोलायचं? तुमी म्हनाल तसं, रावसायेब." मामंजींनी त्या दिवशी घरोघर गूळ वाटला.

पुढं कुणीही भांडलं नाही. पाटलानं फक्त घराचं जोतं भरायला घेतलं. गाड्यांमागून गाड्या मुरूम आणून त्यानं ते कमरेइतकं उचललं. ते बघून भिवाच्या दुसऱ्या बाजूच्यानंही उचललं. मग हळूहळू वरच्या आळीतल्या सगळ्यांनीच. भिवाकडे ना गाडी ना बैल. त्याच्या भिंती जमिनीवरच उभ्या राहिल्या. मामंजींनी रस्त्याची रुंदी ठरवली होती, विहिरीचं अंतर ठरवलं होतं, पाण्याची वाट ठरवली होती. जोत्याची उंची ठरवायची राहिली होती. उतार जमिनीतच असतो, असं ते जन्मभर धरून चालले होते.

ते तडक पाटलाकडे गेले. "एवढं उंच जोतं कशाला, पाटील?"

"माजं जोतं माज्याच जागंत हाय की," पाटील हसून म्हणाला. "तुमच्या फक्कीच्या आत."

पावसाळ्यात दोन्ही घरांचं पाणी भिवाच्या घरात शिरलं आणि तिथंच साचलं. न्हाणीचं, गोठ्याचं, सगळंच. महिन्याभरात त्याच्या बायकोला, सोनाबाईला, पटकी झाली. सकाळी ती विहिरीवर दिसली होती. दिवस मावळायच्या आत गेली.

दिवस घालून झाल्यावर भिवानं घराच्या तुळया काढायला घेतल्या. तो पुन्हा नदीकाठी निघाला होता. मामंजींनी त्याचा हात धरला. "थांब, भिवा. मी मुरूम आणवतो. तुझं जोतं मी भरून देतो."

भिवानं हात सोडवून घेतला नाही. खाली बघत म्हणाला, "रावसायेब, तितं नदी घरात यायची. आमी कोन, ते तिला ठावं नव्हतं. हितल्या पान्याला ठावं हाय."

आणि तुळई खांद्यावर घेऊन तो उतरून गेला. त्याच्या मागोमाग खालच्या आळीतली बाकीची घरंही गेली.

भिवाची मोकळी जागा पाटलानं बैलांना घेतली. मामंजी विहिरीपाशी उभे राहून बघत होते. बैल बांधायच्या आधी पाटलानं तिथं मुरमाच्या गाड्या रिकाम्या करायला लावल्या. बैलांचे खूर चिखलात कुजतात ना! दुपारपर्यंत ती जागा पाटलाच्या जोत्याच्या उंचीला आली. इतकी वर्षं झाली, तरी ते आठवलं की माझा संताप होतो.

त्या दिवशी ते भिवाच्या जागेकडे गेलेत म्हणून नेहमीसारखी मी तांब्या घेऊन मागच्या दारी थांबले होते. मामंजी पुढच्या दारानं आले आणि पाय न धुताच आत जाऊन बसले. त्यानंतर ते होते तोवर कुणाच्याच मागच्या दारी गेले नाहीत. अळवाला पाणी मी घालत राहिले. घातलं का, असं मात्र त्यांनी मला परत कधी विचारलं नाही.